जुन्या पेठेतील ‘पे अँड पार्क’ आणि रहिवासी पास : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील एका जुन्या पेठेत आमचे घर आहे. गेल्या दिवाळीनंतर या पेठेत ठेकेदारामार्फत ‘पे अँड पार्क’ सुरू झाले आणि त्याच्याच जोडीने रहिवाशांसाठी वार्षिक पास आला. मी दोन्हींचा ग्राहक आहे. घरासमोर गाडी ठेवतो तेव्हा मी पासधारक असतो, आणि बाजारात किंवा बंदराच्या बाजूला कामाला गेलो की इतर कोणाहीसारखी पावती फाडून घेतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ठेकेदार एकच आहे, पालिकेतील पासचे टेबलही एकच आहे आणि मला लवकरच पुन्हा त्याच टेबलासमोर उभे राहायचे आहे.

कोकणातील बंदराच्या पेठा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या जागेची कल्पना येईल. चिऱ्याची दुमजली घरे, खाली दुकान नाहीतर ओटी, वर माडी, आणि ओटीची शेवटची पायरी थेट रस्त्यात उतरलेली. हे रस्ते पडावातून उतरलेला माल बैलगाडीने आत नेण्यासाठी पडले. त्यात मोटारीचा विचार असण्याचे कारण नव्हते. आमच्या आळीची रुंदी मी टेपने मोजली आहे. गटारे सोडून ती 5.4 मीटर भरते. पर्यटकांची आवडती इनोव्हा क्रिस्टा 1.83 मीटर रुंद असते. ती एका बाजूला भिंतीलगत उभी राहिली तर साडेतीन मीटर वाट उरते आणि सर्व व्यवहार सुरळीत चालतात. समोरासमोर दोन उभ्या राहिल्या तर मधून रिक्षा तेवढी जाते, तीही आरसे मिटून. आमच्या पेठेतील पार्किंगचा सगळा प्रश्न या दोन वाक्यांत मावतो, आणि नवी सेवा चांगली की वाईट हे ठरवताना मी पहिली कसोटी हीच लावली, की गाडी एकाच बाजूला उभी राहते का. उत्तर होकारार्थी आहे. दिवसा राहते.

यापूर्वी येथे सम-विषम तारखांचे फलक होते. सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची, ही पद्धत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे आणि दुकानदारांमध्ये तोटा वाटून देण्यासाठी ती बरीही आहे. पण जेथे माणसे राहतात तेथे मध्यरात्री बारा वाजता उठून गाडी समोरच्या बाजूला नेण्याची अपेक्षा कोणाकडून करायची? शिवाय 31 तारीख विषम आणि 1 तारीखही विषम, त्यामुळे महिनाअखेरीस एकाच बाजूच्या ओट्यांवर सलग दोन दिवस धूर जात असे, आणि त्यावरून आमच्या आळीत झालेली भांडणे मी लहानपणापासून नसली तरी पुरेशी वर्षे ऐकली आहेत. नव्या व्यवस्थेने हे फलक काढले, एक बाजू कायमची ठरवली आणि तेथे पांढऱ्या पट्ट्या मारल्या. या एका गोष्टीसाठी मी सेवेला मनापासून गुण देतो.

पट्ट्या मात्र कोणी मोजून मारल्या हे कळायला मार्ग नाही. भारतीय रस्ते काँग्रेस (इंडियन रोड्स काँग्रेस) या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकांनुसार मोटारीला 5 मीटर लांब आणि 2.5 मीटर रुंद जागा धरतात. आमच्या येथे रुंदीची चैन शक्य नाही हे मान्य, पण लांबीही साडेचार मीटरच ठेवली आहे. त्यामुळे माझी वॅगनआर आरामात मावते आणि 4.7 मीटरची क्रिस्टा शेजारच्याच्या पट्टीत नाक घालते. दिवसअखेर सहा पट्ट्यांत पाच गाड्या उभ्या दिसतात आणि सहावी पट्टी कागदावर विकली जाते. पहिल्या पावसाने आणि लाल चिखलाने या रेषा जूनअखेरपर्यंत पुसल्या गेल्या, आणि त्या अजून परत आलेल्या नाहीत.

दर असे आहेत. चारचाकीला पहिल्या तासाचे 20 रुपये आणि पुढील प्रत्येक तासाला 10 रुपये. दुचाकीला दोन तासांचे 5 रुपये. वेळ सकाळी 8 ते रात्री 8. रहिवासी पास चारचाकीला वर्षाला 1,200 आणि दुचाकीला 300 रुपये. तो फक्त आळ्यांमध्ये चालतो, मुख्य बाजारात आणि बंदर रस्त्यावर चालत नाही. खांबावरचे मीटर आणण्याऐवजी पावतीचे मशीन माणसाच्या हातात दिले, हा निर्णय मला पटतो, कारण समुद्राच्या खाऱ्या हवेत उघड्यावरचे यंत्र किती दिवस धड राहते हे आमच्या वीजखांबांवरील पेट्या पाहून कोणालाही समजेल. ठेकेदाराने नेमलेला मुलगा गाडीचा क्रमांक टाकतो, फोटो काढतो, क्यूआर पुढे करतो आणि पावती काढून देतो. रेंज असेल तर मिनिटभर, नसेल तर तो मशीन डोक्याच्या वर धरून रस्त्याच्या मध्यभागी उभा राहतो आणि मागे रांग लागते. पावतीचा कागद उष्णतेवर छापणारा असल्याने काचेखाली उन्हात ठेवली की ती करडी पडते आणि दोन तासांनी त्यावरची वेळ कोणालाही वाचता येत नाही, म्हणजे ज्या कारणासाठी ती ठेवायची तेच नाहीसे होते.

या मुलांबद्दल मात्र तक्रार करण्यासारखे फारसे नाही. बहुतेक जण आजूबाजूच्या वाड्यांतले आहेत, बारा तास उभे असतात, आणि अरुंद जागेत गाडी लावून देण्याचे त्यांचे कसब अनेक चालकांपेक्षा सरस आहे. मे महिन्यात ठाण्याहून आलेल्या एका कुटुंबाची गाडी आमच्या शेजारच्या माईंच्या पायरीला घासणार होती. मुलाने धावत जाऊन आपली चप्पल काढली आणि पायरीच्या चिऱ्यावर उभी धरली. बंपर चपलेला टेकला आणि थांबला. त्याने चालकाला काही सुनावले नाही, नुसती चप्पल दाखवली आणि मग 20 रुपये मागितले. पायरी वाचली, माईंनी त्याला कोकम सरबत दिले. असे प्रसंग कोणत्याही ठेक्याच्या अटींत लिहिलेले नसतात आणि सेवेचे मूल्यमापन करताना ते सोडून देणेही बरोबर नाही.

आता मुख्य मुद्दा. पेठेतील प्रत्येक जण ठामपणे सांगतो, की जागा पर्यटकांनी खाल्ली. मीही तसेच म्हणत असे. मेमधील एका मंगळवारी मित्राच्या दुकानात बसून मी समोरच्या चौदा पट्ट्यांवर सकाळी 9 ते दुपारी 2 नजर ठेवली, आणि मला थोडी लाज वाटली. चौदापैकी आठ गाड्या त्या पाच तासांत जागच्या हलल्या नाहीत. त्या आठांपैकी सहा गाड्यांचे मालक मी नावानिशी ओळखतो. त्यांत दोघे दुकानदार होते, एक जण बाजारातच नोकरीला आहे, एक गाडी मित्राची स्वतःची होती आणि ती त्याच्या दुकानाच्या दारातच उभी होती. परगावच्या गाड्या उरलेल्या पट्ट्यांवर येत होत्या आणि जात होत्या. एका जागेवर तर त्या वेळात चार गिऱ्हाइके येऊन गेली. मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “माझं दुकान आहे, मी गाडी काय समुद्रात लावू?” आणि पाच मिनिटांनी गिऱ्हाइकांना जागाच मिळत नाही म्हणून पालिकेला नावे ठेवू लागला.

यात नवे काहीच नाही. जगातील पहिला पार्किंग मीटर 16 जुलै 1935 रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीत बसला, तो नेमका याच कारणासाठी. बाजारभागात काम करणारे लोक सकाळी येऊन दुकानांसमोरच्या जागा दिवसभर अडवत आणि गिऱ्हाइकाला थांबायला ठिकाण उरत नसे. तासाला 5 सेंट लावल्यावर जागा मोकळ्या होऊ लागल्या. मीटर हे मुळात पैसे मिळवण्याचे साधन नव्हते, गाडी वेळेत हलवण्याचे होते. आमच्या सेवेत हाच हेतू उलटा झाला आहे. पहिल्या तासाला 20 आणि नंतर 10 रुपये, म्हणजे जो जास्त वेळ थांबतो त्याला प्रत्येक तास स्वस्त पडतो. बांगडे घेऊन दहा मिनिटांत निघणारा माणूस पूर्ण 20 रुपये देतो आणि दिवसभर बसणारा बारा तासांचे 130 रुपये देतो. किंवा देतो असे म्हणायचे, कारण पहिल्या तासाचे पैसे गाडी लावताना घेतात आणि उरलेले निघताना, आणि निघताना मुलगा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असतो. मी स्वतः बाजारात तीन-तीन तास थांबून 20 रुपयांत परतलो आहे. फसवण्याचा हेतू नव्हता. मला कोणी थांबवले नाही एवढेच.

मासळीच्या वेळेला मुलाशी होणारा संवाद ठरलेला आहे. “पाचच मिनटा रे, बांगडे घेतंय आणि निघतंय,” असे गाडीतून उतरता उतरता सांगायचे, त्याने मशीन पुढे करायचे, आणि मग वाद. हा वाद टाळण्यासाठी पहिली दहा मिनिटे फुकट, पहिला तास आजच्याइतका किंवा कमीच, आणि तिसऱ्या तासापासून दर चढता ठेवला तर तोच रस्ता दुप्पट लोकांच्या कामी येईल असे माझे मत आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. त्यांचे सांगणे असे, की दर इतका असावा की रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यात एखाद-दुसरी जागा नेहमी रिकामी राहील, साधारण शंभरात पंधरा. त्यापेक्षा जास्त रिकाम्या राहिल्या तर दर महाग आहे, एकही राहिली नाही तर स्वस्त आहे. सान फ्रान्सिस्कोने 2011 मध्ये याच धर्तीवर भागानुसार आणि वेळेनुसार दर बदलणारी योजना सुरू केली. आमच्या पेठेला संगणकाची गरज नाही. मुलाला विचारले तर कोणत्या वारी कोणत्या तासाला कोठे जागा असते हे तो तोंडी सांगेल. बाजाराच्या मंगळवारी आणि एरवीच्या गुरुवारी एकच दर ठेवण्यात कोणते शहाणपण आहे?

असे का होत नाही, याचे कारण ठेक्याच्या रचनेत आहे. वार्षिक लिलावात ठेकेदार ठरावीक रक्कम पालिकेला भरतो आणि वर्षभराची वसुली त्याची. म्हणजे त्याचे हित जास्तीत जास्त पावत्या फाडण्यात आहे. चौथ्या तासाला गाडी हलवण्यात त्याला काही मिळत नाही, उलट ओळखीच्या दुकानदाराशी वाकडेपणा मात्र येतो. पट्ट्या पुन्हा रंगवण्यातही त्याचे हित नाही, कारण पट्टी नसली तर सहाऐवजी सात गाड्या कोंबता येतात. ठेकेदाराला व्यवस्थापनाचा मोबदला द्यावा आणि वसुली पालिकेच्या खात्यात जावी, अशी रचना केली तर हीच माणसे हेच काम वेगळ्या रीतीने करतील. कॅलिफोर्नियातील पासाडेना शहराने जुन्या बाजारपेठेत 1993 मध्ये मीटर बसवले तेव्हा व्यापाऱ्यांचा विरोध मावळला तो एका आश्वासनाने: मीटरचे उत्पन्न त्याच पेठेच्या पदपथांवर, दिव्यांवर आणि स्वच्छतेवर खर्च होईल. आमच्या येथे वसुलीचे पुढे काय होते हे फलकावर लिहिलेले नाही. गटारांवरच्या फुटलेल्या फरशांपैकी निम्म्या जरी या पैशांतून बदलल्या असत्या, तरी 20 रुपये देताना इतकी कुरकुर झाली नसती.

पासकडे वळतो. अर्जाला वीजबिल, घरपट्टीची पावती आणि गाडीच्या नोंदणीपत्राची प्रत लागते. नोंदणीपत्रावर पेठेतीलच पत्ता हवा. टेबलावर दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या वेळी स्टिकर मिळाला. काचेवर लावताना त्यात हवेचा फुगा राहिला तो अजून आहे. 1,200 रुपये म्हणजे दिवसाला सव्वातीन रुपये, एका कटिंग चहापेक्षा कमी. साडेचार मीटरच्या पट्टीएवढा दुकानाचा गाळा याच पेठेत कोणत्या भाड्याने जातो ते मला ठाऊक असल्याने, ही किंमत मी तक्रार न करता भरतो. ती फारच थोडी आहे, असे लिहिले तर शेजारी माझ्याशी बोलणार नाहीत. केंद्र सरकारच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने तर पार्किंगचे शुल्क अडवलेल्या जमिनीच्या खऱ्या मोलाला धरून असावे, असे स्पष्टच म्हटले आहे.

मात्र 1,200 रुपयांत काय मिळते? आमच्या आळीत सोळा पट्ट्या आहेत. त्या सोळांवर किती पास दिले हे पालिकेने जाहीर केलेले नाही, पण संध्याकाळी साडेसातला काचेवरचे स्टिकर मोजले तर सोळांहून अधिक सहज भरतात, कारण एका घराला किती पास द्यावेत यावर मर्यादाच घातलेली नाही. पहिल्या महिन्यात मी स्टिकर दाखवून मुलाशी हुज्जत घातली. तो शांतपणे म्हणाला, “काकानू, पास तुमचो हा, पण जागा खंय हा?” या सेवेबद्दल इतके नेमके मी तरी काही लिहू शकलेलो नाही. पास म्हणजे जागा शोधण्याची परवानगी आहे. ती जागा नव्हे. नूतनीकरणाच्या अर्जावर हे एक वाक्य ठळक छापले तर टेबलावरची निम्मी भांडणे मिटतील.

पास हातात आल्यापासून लोकांची समजूत उलटी झाली आहे. पैसे भरले म्हणजे घरासमोरची पट्टी आपली, असे मानून कोणी तुळशीचे डबे ठेवले, कोणी जुना टायर, एका गृहस्थांनी तर सिमेंटची पेरूची कुंडी आणून ठेवली आहे आणि रोज तिला पाणीही घालतात. वाहने कोठे उभी राहू शकतील हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 117 ने राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेला, स्थानिक संस्थेच्या सल्ल्याने, दिला आहे. त्यात घरमालकाचा कोठेही उल्लेख नाही. धोका होईल अशा रीतीने गाडी सोडून जाण्याला कलम 122 मनाई करते, आणि मनाईच्या जागी लावलेली किंवा दहा तासांहून अधिक बेवारस सोडलेली गाडी कलम 127 खाली उचलता येते. कुंडीबद्दल कायदा गप्प आहे असे त्या गृहस्थांचे म्हणणे आहे, आणि मुलगा काही कुंडीला पावती फाडू शकत नाही.

कोण रहिवासी आणि कोण नाही, हा वाद मात्र खरा आहे आणि तो माझ्याच घरात आहे. माझा धाकटा भाऊ डोंबिवलीला असतो, गाडी एमएच-05 पासिंगची. घरपट्टीवर आमच्या दोघांची नावे आहेत. गणपतीला तो आठ दिवस येतो, शिमग्याला चार, मे महिन्यात पंधरा. नोंदणीपत्रावर डोंबिवलीचा पत्ता असल्याने त्याला पास मिळत नाही. “दादा, घरपट्टी भरताना मी मालक आणि गाडी लावताना पर्यटक?” असे तो विचारतो तेव्हा मला उत्तर सुचत नाही. रहिवाशाला सवलत आणि बाहेरच्याला मनाई हा भेदभाव आहे का, हा प्रश्न अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. व्हर्जिनियातील आर्लिंग्टन परगण्याच्या प्रकरणात 1977 मध्ये न्यायालयाने अशी परवाना पद्धत घटनाबाह्य नाही असे ठरवले. तेथे बाहेरचा म्हणजे कामावर येणारा नोकरदार होता, येथे बाहेरचा म्हणजे माझा भाऊ आहे. चाकरमान्यांसाठी वर्षात तीस दिवस चालेल असा तात्पुरता पास, रोजच्या थोड्या शुल्कावर, देणे अवघड नसावे. सबंध वर्षाचा पास मात्र त्यांना देऊ नये, हे भावाला राग येईल तरी लिहितो, कारण मग सोळा पट्ट्यांवर चाळीस स्टिकर फिरतील.

गणपतीतील व्यवस्था हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग ठरला. चतुर्थीच्या आधीचे दोन दिवस आणि विसर्जनापर्यंत आळ्या चारचाकीला पूर्ण बंद ठेवल्या, चाकरमान्यांच्या गाड्या शाळेच्या मैदानावर लावून घेतल्या, आणि तेथून म्हाताऱ्या माणसांना आणि सामानाला रिक्षा ठेवल्या. मूर्ती डोक्यावर घेऊन येणाऱ्यांना बऱ्याच वर्षांत प्रथमच आरशांना धक्के न लागता चालता आले. आमच्याच कोकणात माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि माणसे तेथून पायी, घोड्यावर किंवा छोट्या रेल्वेगाडीने पुढे जातात, त्याने गावाचे काही बिघडलेले नाही. सुट्यांच्या हंगामात आमच्या पेठेला हे आठ दिवसांऐवजी दोन महिने सोसेल का, यावर मत देताना दुकानदार आणि मी वेगवेगळ्या बाजूंना असू. पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीतही घराची दारे अशीच रस्त्यावर उघडतात, आणि तेथून फिरून आलो तेव्हा अरुंद गल्लीत उभ्या गाड्यांची रांग पाहून मला आमचीच आळी आठवली होती.

पावसाळ्याबद्दल थोडेच. जून ते ऑगस्ट किल्ल्याची होडी बंद, समुद्रातील खेळ बंद, बंदर रस्ता ओस. तरीही 20 रुपयेच. मुले छत्री घेऊन बसलेली असत आणि मी कधी कधी केवळ त्यांच्यासाठी पावती फाडली.

एक प्रसंग माझ्या बाबतीत घडला तो नोंदवणे आवश्यक आहे. जानेवारीत माझ्याच आळीत, माझ्याच पासवर उभ्या गाडीला सकाळी जॅमर लागलेला आढळला. पासच्या यादीत क्रमांकातील एक अक्षर चुकीचे भरले गेले होते, त्यामुळे मशीनने गाडी बिगरपासची ठरवली, आणि मुलाने कळवल्यावर पोलीस कर्मचाऱ्याने आपले काम केले. फलकावरील मोबाइल क्रमांक तीन तास बंद लागत होता. माझी रुग्णालयातील वेळ चुकली, रिक्षाने गेलो. दंड मी भरला. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा साध्या चुकीला केंद्रीय कायद्यात पहिल्या वेळी 500 आणि पुढच्या वेळी 1,500 रुपयांची तरतूद आहे, त्यामुळे नोंद तशीच राहू देणे परवडणारे नव्हते. अर्ज, यादीची प्रत, स्टिकरचा फोटो असे सर्व दिल्यावर सतराव्या दिवशी चूक मान्य झाली आणि रक्कम परत आली. चूक होते, ती दुरुस्तही झाली; पण ज्या सेवेत माणसाच्या गाडीचे चाक अडकवण्याची सोय आहे, त्या सेवेचा दूरध्वनी सकाळी आठ वाजता उचलला गेला पाहिजे.

रात्रीची बाजू अजून उघडी आहे. आठ वाजता मुले घरी जातात आणि साडेआठपर्यंत समोरची, म्हणजे मनाईची, बाजूही भरते. उपाहारगृहात जेवायला आलेल्यांच्या गाड्या आणि आमच्याच शेजाऱ्यांच्या दुसऱ्या गाड्या. सप्टेंबरमध्ये माईंना रात्री अकराला छातीत दुखू लागले तेव्हा रुग्णवाहिका आळीच्या तोंडाशीच थांबली आणि त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी बाहेर नेले. त्या आता बऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना उभ्या गाड्यांत माझी एक नव्हती, पण ती नेहमी नसते असे मी लिहिणार नाही. वेळ रात्री अकरापर्यंत वाढवावी आणि मनाईच्या बाजूला रात्रीही मनाईच राहील एवढे तरी पाहावे, ही मागणी मी लेखी दिली आहे.

बाहेरून येणाऱ्यांना माझा सल्ला असा, की दिवसभरासाठी येत असाल तर पेठेत शिरूच नका. एसटी स्थानकाजवळच्या मोकळ्या जागेत गाडी लावा आणि दहा मिनिटे चालत या, वाटेत पेठ बघायला मिळेल. तासाभराचे काम असेल तर सकाळी साडेदहाच्या आत किंवा दुपारी 2 ते 4 मध्ये आळीत नव्हे, बाजारातच जागा शोधा. मोठी गाडी असेल तर मुलाला लावू द्या. सुटे 20 रुपये जवळ असू द्यात, रेंजचा भरवसा नाही.

सेवेला मी पाचपैकी तीन देतो. दिवसा वाट मोकळी राहते याचे दोन, मुलांच्या वागणुकीचा एक. दर आणि पासची रचना यांना काही देता येत नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या पासची मुदत संपते आणि मी तो पुन्हा घेणार आहे. जपानमध्ये 1962 पासून गाडी घेण्यापूर्वी ती ठेवायला जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो. आमच्या अर्जात घरात गाड्या किती आणि त्या रात्री कोठे उभ्या असतात, असा रकानाच नाही. मी तो समासात पेनने काढून भरला आहे: एक गाडी, जागा नाही, आळीत.